रात्री दवाखाना बंद, म्हणून डॉक्टर निर्दयी?

सुईदोरा
गेल्या आठवड्यात इथे ‘पांढऱ्या कोटातले निर्दयी’ अशी पोस्ट फिरली. कोथरूडच्या एका घरातला जर्मन शेफर्ड रात्री जेवणानंतर पोट फुगून तळमळायला लागला. दोन डॉक्टरांनी फोन उचलला नाही, मोठ्या रुग्णालयाने ‘जागा नाही’ सांगितलं, पहाटे कुत्रा गेला. मागणी अशी की रात्री दार न उघडणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाची नोंदणी रद्द करा. खाली शिव्यांचा पाऊस.

त्या घरावर काय गुदरलं असेल ते मला कळतं. पण मागणी चुकीची आहे, आणि तिने पुढचा कुत्रा वाचणार नाही.

वर्णनावरून त्या शेफर्डच्या जठराला पीळ पडला होता. खोल छातीच्या जातींत हे होतं. जठर गॅसने फुगतं, स्वतःभोवती फिरतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त अडतं. कुत्रा ओकायला बघतो, पडतो फक्त फेस. त्याला शिरेतून भरपूर सलाईन, नळीने किंवा सुईने गॅस काढणं, मग पोट उघडून पीळ सोडवणं आणि जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवणं, एवढं लागतं. भूल सांभाळायला एक माणूस, चाकू चालवायला एक, हाताशी एक. माझा एक गाळ्याचा दवाखाना आहे, मदतनीस नऊला घरी जातो. मी दार उघडलं असतं तर सुई घालून गॅस काढला असता. पुढे काय? पुन्हा तेच मोठं रुग्णालय.

आणि तिथे ‘जागा नाही’ म्हणजे काय, हेही बघा. रात्रपाळीला बहुधा एकच डॉक्टर. ऑक्सिजनचे पिंजरे भरलेले. पार्व्हो (रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार) झालेली पिल्लं वेगळ्या खोलीतच ठेवावी लागतात, कारण तो विषाणू फरशीवर, भांड्यांवर महिनोन् महिने टिकतो आणि बऱ्याच साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ती खोली भरली की भरली. भरली कोणी? लस न दिलेली, दीड महिन्याची म्हणून विकत आणलेली पिल्लं. गोचीडताप अंगावर काढलेली कुत्री, चार दिवस खात नाहीत आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झाल्यावर रात्री अकराला आणलेली. सकाळपासून मातीत बसून कुंथणारा बोका, ज्याला घरच्यांनी ‘पोट साफ होत नाही’ म्हणून एरंडेल पाजलेलं असतं. त्याची लघवी तुंबलेली असते. पोटाला हात लावला की मूत्राशय लिंबाएवढा टणक लागतो. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि दीड-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. हाच बोका सकाळी दहाला आला असता तर माझ्या टेबलावर नळी घालून मोकळा झाला असता आणि रात्रीचा पिंजरा रिकामा राहिला असता.

मला हवी आहे आळीपाळी. एका भागातल्या आठ-दहा दवाखान्यांनी रात्री वाटून घ्याव्यात, रोज एकच उघडा, दोन डॉक्टर, एक मदतनीस, रात्रीची फी आधीच फलकावर. पालकांनी ती द्यावी. सक्ती करून एकट्या डॉक्टरचे तीन होत नाहीत.

मोत्याची_आई
डॉक्टर, सगळा दोष आमच्याच माथी मारलात. आम्ही उशिरा येतो, आम्ही लस देत नाही, आम्ही एरंडेल पाजतो. माझ्या मोत्याच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या, गोचिडाची गोळी चालू. भर मे महिन्यात पग धापा टाकायला लागला, जीभ जांभळी पडली. फोन केला, वाजत राहिला. दुसरीकडे गेलो तर काउंटरवरच्या मुलीने कुत्र्याकडे न बघता आधी अनामत भरायला सांगितली. माझा नवरा कार्ड शोधतोय, मोत्या माझ्या मांडीवर डोळे फिरवतोय. निर्दयी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

तुम्हाला रात्री झोपायचा हक्क आहे, मान्य. पण फोनवर एक रेकॉर्ड केलेलं वाक्य ठेवता येत नाही? ‘दवाखाना बंद आहे, अमुक ठिकाणी जा, हा त्यांचा नंबर, तोवर कुत्र्याला ओलं करून पंख्याखाली ठेवा.’ एवढ्याला तर दोन डॉक्टर लागत नाहीत ना?

आधी_माणूस
सरकारी दवाखान्यात माणसांना खाट मिळत नाही, पेशंट जमिनीवर झोपतात. आणि इथे कुत्र्याच्या ऑक्सिजन पिंजऱ्यावर चर्चा. ज्यांना परवडतं त्यांनी पाळावं आणि सोसावं. वर रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणारेही तुम्हीच.

मोत्याची_आई
माझ्या पैशाने माझ्या कुत्र्यावर उपचार केल्याने कुठल्या माणसाची खाट गेली, ते सांगा. भटक्या कुत्र्यांसाठी वेगळा धागा काढा, इथे घुसडू नका.

कोरडवाहू
पग, शेफर्ड, बोका. वाचतोय कधीपासून. आमच्याकडे माण तालुक्यात रात्री गाय अडते तेव्हा काय करायचं, हे कोणी लिहिणार आहे का? साडेपाच वर्षांची पदवी घ्यायची ती सरकारी कॉलेजात, आमच्या गुराढोरांच्या नावावर. मग बाहेर पडून दवाखाना कुठे, तर बाणेर-बालेवाडीत. तुमच्याकडे एका गल्लीत तीन बोर्ड आणि तरी ‘कोणी फोन उचलत नाही’ ही तक्रार. आमच्याकडे बोर्डच नाही.

मागच्या हिवाळ्यात माझी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय व्यायली आणि रात्री बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, नाक कोरडं. दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरतं तो आजार. दवाखाना श्रेणी दोनचा, म्हणजे तिथे पदवीचा डॉक्टर नाहीच, पदविका झालेला पशुधन पर्यवेक्षक. तोच मोटारसायकलवर आला, बॅटरीच्या उजेडात शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, हळूहळू, एक हात तिच्या छातीवर ठेवून. बाटली संपत आली तशी गाय थरथरली, शेण टाकलं, आणि थोड्या वेळाने उभी राहिली. आणि कायद्याने म्हणे त्याला हे करायचा अधिकार नाही!

शिरवळचा
कोरडवाहू, मी पशुधन विकास अधिकारी आहे. गाय वाचली, आनंद आहे. पण कायदा वाचून बोला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४, कलम ३०. पदविकाधारकाला राज्य सरकार ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ द्यायची मुभा देऊ शकतं: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार, आणि सरकार अधिसूचनेने ठरवेल ते आजार. तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. हे उगाच नाही. कॅल्शियम शिरेत भरभर सोडलं तर गाय जागेवर मरते. त्या पर्यवेक्षकाचा हात छातीवर होता, तो कोणीतरी शिकवला म्हणून होता.

आता मी काय बघतो ते ऐका. वार (व्यायल्यावर पडणारी झिल्ली) अडकली म्हणून ओढून काढलेली, गर्भाशय फाटलेलं. अडलेलं वासरू चार जणांनी दोरी लावून ओढलेलं, आत पाय मुडपलेला आहे हे कोणी हात घालून बघितलंच नाही. दर तापाला प्रतिजैविक, मात्रा अर्धी, दिवस दोन. मग माझ्याकडे येतात तेव्हा कुठलंच औषध चालत नाही, आणि गाय मेली की नाव माझं.

कोरडवाहू
नाव तुमचं, आणि गाय कोणाची हो? तुम्ही तालुक्याला बसता, तुमच्याकडे तीन जागांचा अतिरिक्त कारभार. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सांगितलं होतं, पाच हजार जनावरांमागे एक डॉक्टर हवा. मोजा तुमच्याकडची जनावरं आणि मग देखरेखीच्या गोष्टी करा. देखरेख करायला माणूस असावा लागतो.

आणि २०२२ विसरलात? लम्पी आला तेव्हा गावोगाव शेळ्यांच्या देवीची लस गाईंना कोणी टोचली? पर्यवेक्षक, खाजगी पदविकावाले, कॉलेजची पोरं. तेव्हा कलम ३० आठवलं नाही. गाठींनी भरलेली, पाय सुजलेली बैलं उभी होती आणि आमच्या गोठ्यात आले ते हेच लोक. मेलेल्या दुभत्या गाईला तीस हजार भरपाई मिळाली, ती गाय किती लिटरची होती ते कोणी विचारलं नाही.

शिरवळचा
लसीकरण कलम ३० मध्येच आहे, वर लिहिलंय. त्यामुळे तो दाखला तुमच्या विरोधात जातो. लम्पीत आम्हीही घरी बसलो नव्हतो. सणासुदीला बूट काढायला वेळ नव्हता, बाजार बंद असताना रोज गोठे फिरत होतो. डॉक्टर कुठे होते, असं माझ्या तोंडावर विचारू नका.

जागा रिक्त आहेत हे मात्र खरं. श्रेणी दोनचे दवाखाने श्रेणी एक करून तिथे डॉक्टर द्या, ही आमचीही मागणी आहे. पण डॉक्टर नाही म्हणून पदविकावाल्याला डॉक्टर करा, हे मला कधीही मान्य होणार नाही.

कोरडवाहू
तुमच्या मान्यतेची वाट बघत गाय बसून राहत नाही.

बांदेकरीण
शहर विरुद्ध गाव करताय, पण आम्ही कुठे बसतो? सिंधुदुर्गात माझ्या कुत्र्याला फुरसं चावलं. पाय सुजला, दाताखालून रक्त यायला लागलं. जनावरालाही माणसाचंच प्रतिविष लागतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं. ते कुठल्या औषधांच्या दुकानात मिळेल हे कोणी सांगेना. सरकारी रुग्णालयातला साठा माणसांसाठी राखलेला, तो मागायची माझी हिंमतही झाली नाही. शेवटी गोव्यात गेलो. मुंबईला परळचं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचंही झालं. चांगलंच झालं. पण बांद्याहून तिथवर कुत्रा जिवंत पोचत नाही. सुईदोरा, तुमच्या आळीपाळीला आठ दवाखाने लागतात. आमच्याकडे दोन आहेत, त्यातले एक डॉक्टर आठवड्यातून ठरल्या दिवशी येतात.

टेम्सकाठी
सक्तीने काही होत नाही असं डॉक्टर म्हणतात, ते बरोबर नाही. मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. इथे पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजच्या आचारसंहितेप्रमाणे प्रॅक्टिसमधल्या व्हेटने चोवीस तास तातडीच्या प्रथमोपचाराची आणि वेदनाशमनाची सोय करायलाच हवी. मांजर गाडीखाली आलं तेव्हा नेहमीच्या दवाखान्याला फोन लावला, फोन आपोआप रात्रीच्या केंद्राकडे गेला. बिल भयंकर आलं, तीन तास थांबलो, पण कुठे जायचं हा प्रश्न पडला नाही. सक्ती होती म्हणून ही सोय उभी राहिली.

सुईदोरा
टेम्सकाठी, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तिथे प्रत्येकाला स्वतः जागायला लावलेलं नाही, ‘सोय करा’ म्हटलंय. म्हणून अनेक दवाखान्यांनी मिळून रात्र एका केंद्राकडे सोपवली. अशी सक्ती असेल तर मी पहिली सही करेन. नोंदणी रद्द करा म्हणणाऱ्या पोस्टमध्ये यातलं काहीही नव्हतं.

मोत्याची_आई, रेकॉर्डेड संदेशाचं तुमचं म्हणणं पटलं. त्याला पैसे लागत नाहीत, मनुष्यबळ लागत नाही, आणि तो बहुतेक दवाखान्यांत नाही. पण अनामतीवर मी मागे हटणार नाही. रात्री जनावर टेबलावर सोडून पालक निघून जातात, हे प्रत्येक रात्रपाळीवाल्याने बघितलंय. आधी ऑक्सिजन, मग पैशाचं बोलणं, हा क्रम मात्र पाळलाच पाहिजे. तुमच्या बाबतीत पाळला नाही, ते चूकच.

सगळ्यांनाच सांगते, रात्री थांबायचं नाही असं काय, ते आत्ता लिहून ठेवा. ओकारी येत नाही आणि पोट ढोलासारखं. बोका कुंथतोय, लघवीचा थेंब नाही. झोपेतही श्वास मिनिटाला चाळीसच्या वर. हिरडी पांढरी किंवा जांभळी. थांबून थांबून झटके. साप. विषबाधा, आणि त्यात आपली पॅरासिटामॉल येते, मांजराला तिची एक गोळीसुद्धा प्राणघातक आहे. कान खाजवणं, एकदाच झालेली उलटी, तुटलेलं नख, हे सकाळी आणा. आणि आपल्या भागात रात्री काय उघडं असतं ते दिवसा फोन करून विचारा, ऑक्सिजन आहे का, रात्री शस्त्रक्रिया होते का, हेही.

मोत्याची_आई
यादी उपयोगाची आहे, छापून फ्रिजवर लावते. अनामतीबद्दल माझा राग गेलेला नाही. आमच्या भागात आळीपाळी सुरू केलीत तर रात्रीची फी मी देईन, सोसायटीतल्या आणखी लोकांनाही द्यायला लावेन. पण फी खरंच फलकावर हवी, तोंडी नको.

आधी_माणूस
स्वतःच्या पैशाने करताय तोवर माझी हरकत नाही. सरकारी पैसा मागितलात तर पुन्हा येईन.

कोरडवाहू
सरकारी पैसा मी मागतोय, या इकडे. गाय दूध देते, ते दूध तुमच्या चहात जातं.

बांदेकरीणबाई म्हणाल्या ते आमचंही आहे, आळीपाळी करायला दोन तरी डॉक्टर लागतात. शिरवळचे साहेब, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या गाड्या आल्या, त्यांना बोलवायला १९६२ हा फोन नंबर आला, चांगली गोष्ट. मग गाडीतल्या डॉक्टरने फोनवर राहून आमच्या पर्यवेक्षकाला रात्री कॅल्शियम लावायला सांगायचं, व्हिडिओवर गाय बघायची, आणि कागदावर सही डॉक्टरची. देखरेखही झाली, गायही उठली. याला कलम ३० आडवं येतं का, एवढंच सांगा.

शिरवळचा
दुग्धज्वर अधिसूचनेतल्या आजारांत बसत असेल आणि डॉक्टर खरोखर फोनवर असेल, तर माझा विरोध नाही. अडलेल्या गाईला आणि फाटलेल्या गर्भाशयाला आहे, तिथे हात आत घातल्याशिवाय काही कळत नाही. फोनवरच्या सल्ल्याची लेखी नोंद हवी, वेळेसकट. गाय मेली तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरल्याशिवाय कुठलाच डॉक्टर सही करणार नाही.

कोरडवाहू
मग ठरवा. पशुसंवर्धन आयुक्तांना निवेदन मी लिहितो, तांत्रिक भाग तुम्ही तपासा. अडलेल्या गाईवर आपलं भांडण आहे ते आहेच.