फिजीत मोजली तर पेशींची 'जखम' २४ तासांत मोठी होते!

माटोळी:
नमस्कार मंडळी. फिजीशी (फोटोंवरून मोजमाप करायचं सॉफ्टवेअर) झटापट केलेलं कुणी इथे असेल तर जरा हात द्या.

एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. अंगावर पित्त उठलं की आमची आजी सोलांचं (कोकमाचं) पाणी लावायची, त्यावरून सुचलेला विषय: भिरंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालीच्या अर्काने त्वचेच्या पेशी जखम लवकर भरतात का? पेशी हाकॅट (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या त्वचेच्या पेशी), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशींची चादर गच्च भरली की पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या पिवळ्या टिपने सरळ ओरखडा काढायचा, तीन वेलमध्ये अर्क घालायचा, तीन साध्या मीडियमवर (पेशी वाढतात त्या द्रवावर) ठेवायच्या. फोटो ०, १२ आणि २४ तासांनी, प्रत्येक वेलमध्ये तीन जागी. म्हणजे एका प्लेटचे ५४ फोटो.

फिजीत मी असं करते: फोटो उघडून ८-बिट (करडा), मग ऑटो थ्रेशोल्ड (पेशी कुठली आणि मोकळी जागा कुठली, ती उजेडाची सीमा फिजीच ठरवतं), मग अॅनलाइझ पार्टिकल्स (वेगळ्या केलेल्या भागाचं क्षेत्रफळ). साध्या वेलमध्ये रिकामी पट्टी फोटोच्या ३८ टक्क्यांवरून १९ वर येते. छान. अर्काच्या वेलमध्ये मात्र सुरुवातीलाच २६ आणि २४ तासांनी ४१! टिप तीच, हात तोच. आणि डोळ्यांना तर पट्टी अरुंद झालेली स्वच्छ दिसते.

मग हाताने कडा रेखून बघितल्या. एकाच फोटोवर माझे ३१ टक्के आले, मैत्रिणीचे २४. पेशी नेमकी कुठे संपते यावर आमचं अर्धा तास भांडण. सर म्हणतात, हाताने मोजलेलं परीक्षक ऐकून घेणार नाहीत, विकतचं पॅकेज मागवू. ते येईपर्यंत चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाईल. माझं काय चुकतंय?

खाजनकाठ:
पॅकेजचे पैसे वाचवा. इमेजजे १९९७ पासून फुकट आहे आणि फिजी म्हणजे तेच, वर प्लगिनांची भरलेली पिशवी. तुमच्या कामाला पुरून उरेल.

घोळ दोन ठिकाणी दिसतोय. पहिला, तुम्ही उजेडावर थ्रेशोल्ड लावताय. फेज काँट्रास्टच्या (पेशी न रंगवता दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपच्या) फोटोत पेशीचं अंग जवळजवळ रिकाम्या जागेइतकंच करडं असतं, चमकते ती फक्त कडेची प्रभावळ. उजेड बघून पेशी आणि मोकळी जागा वेगळी करणं म्हणजे वाळूत तांदूळ वेचणं. त्यात ऑटो थ्रेशोल्ड प्रत्येक फोटोला नवी सीमारेषा काढतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दर गिऱ्हाईकाला वेगळं माप लावल्यासारखं.

दुसरा घोळ भिरंडांचा. अर्क घातल्यावर मीडियमचा रंग बदलतो ना? कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर प्रत्येक वेलचा फोटो वेगळ्या उजेडात निघणार, आणि ८-बिट करताना तो रंग करड्यात मिसळून जाणार. तुमचे २६ आणि ४१ बहुतेक तिथूनच आलेत.

उपाय असा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा आणि प्लेट संपेपर्यंत हात लावू नका. फोटो टिफमध्येच ठेवा, जेपेगमध्ये नको. फिजीत रंग वेगळे करून हिरवा चॅनल घ्या, ३२-बिट करा (८-बिटमध्ये आकडे २५५ ला जाऊन अडकतात), सबट्रॅक्ट बॅकग्राउंड (मागचा असमान उजेड काढायला) चालवा, मग प्रोसेस, फिल्टर्स, व्हेरिअन्स. हा फिल्टर उजेड बघत नाही, खडबडीतपणा बघतो. पेशींचा भाग खरखरीत, रिकामी पट्टी गुळगुळीत. चार-पाच फोटोंवर फिल्टरची त्रिज्या (तो भोवतालचे किती पिक्सेल बघतो) आणि थ्रेशोल्ड पक्के करा, या पायऱ्यांचा मॅक्रो रेकॉर्ड करा आणि ५४ ही फोटोंना तेच लावा.

एक खोड मात्र आहे. या फिल्टरने पेशींची कड जवळपास त्रिज्येइतकी बाहेर सरकते, म्हणून पट्टी थोडी अरुंदच दिसते. रुंद पट्टीत ते खपून जातं, २४ तासांच्या बारीक पट्टीत बोचतं. त्रिज्या शक्य तितकी लहान ठेवा.

कोलवाळचा:
एवढा व्याप कशाला? सेलपोज लावा. एआय आपोआप एकेक पेशी वेगळी करून देतं.

खाजनकाठ:
@कोलवाळचा, एकेक पेशी मोजायची तर सेलपोज उत्तमच. इथे मोजायची आहे रिकामी जागा. आणि हाकॅट गच्च भरल्या की फेजमध्ये त्यांच्या सीमा माणसालाही नीट दिसत नाहीत.

पिंपळकट्टा:
बाय, मी तंत्रज्ञ म्हणून मायक्रोस्कोप पुसण्यात २८ वर्षं घालवली. सॉफ्टवेअर मला येत नाही, तेव्हा फोटो काढण्याआधीचं सांगतो.

ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं प्लेटकडचं भिंग) काढून उजेडाकडे धरून बघ. आपल्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती जाळी प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात धूसर डाग पाडते. काम झालं की सिलिका जेल घालून डब्यात ठेवायचं. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळव.

प्लेट इनक्युबेटरमधून थेट एसीच्या खोलीत नेतेस का? झाकणाला आतून घाम येतो आणि फोटो दुधाळ येतो. खोलीचा एसी थोडा वेळ आधी बंद कर. वेलच्या कडेला फोटो काढू नको, तिथे मीडियम भिंतीला चढतं आणि फेज बिघडते. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करने ओरखड्याला आडवी रेघ मार, म्हणजे २४ तासांनी तीच जागा सापडेल. आणि ओरखड्यानंतर पीबीएसने (पेशी धुवायच्या खारट द्रावणाने) दोनदा हलकेच धू. तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी पट्टीत राहिल्या तर तुझा तो खरखरीवाला फिल्टर त्यांनाही जिवंत धरील.

शेवटचं. भिरंड आंबट असतं. मीडियमचा पीएच बघितलास? मीडियममधलं फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) ७.४ ला लाल, ६.८ च्या खाली पिवळं. पण भिरंडाचा स्वतःचा रंगही आंबटपणावर बदलतो, म्हणून डोळ्यांवर जाऊ नको. मीटर लाव.

माटोळी:
काका, खाजनकाठ, दोघांचेही आभार. काल रात्री आठपर्यंत बसले, फोंड्याची शेवटची बस थोडक्यात मिळाली.

ऑब्जेक्टिव्हवर डाव्या कोपऱ्यात खरंच जाळी होती. पुसली, एक्स्पोजर बांधून टाकलं, नवीन प्लेट केली. व्हेरिअन्सची त्रिज्या ४. आता सहाही वेलमध्ये ० तासाला ३६ ते ३९ टक्के येतात, म्हणजे मोजणी तरी थाऱ्यावर आली. साध्या वेलमध्ये २४ तासांनी १८.

अर्काच्या वेलमध्ये ३०. म्हणजे जखम भरते, पण साध्यापेक्षा हळू! आजीला काय सांगू? मग मीटर लावला: ६.६. सोलांनी पेशींना मंदावलं की नुसत्या आंबटपणाने, हे आता कळणार नाही. सर दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, अर्क सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ ला आणून पुन्हा कर, आणि शेजारी अर्काशिवाय ६.६ केलेलं मीडियमही ठेव.

पिंपळकट्टा:
सर शहाणे आहेत. एका प्लेटच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, हेही त्यांना विचार. वेगवेगळ्या दिवशी तीन प्लेटा कर.

माटोळी:
विचारलं. तीनच करायच्या आहेत. फक्त चवथीचे पाच दिवस लॅबला कुलूप आणि पेशींना दोन दिवसांआड नवं मीडियम लागतं. आज पेशींच्या दोन व्हायल (कुप्या) गोठवून ठेवते, बाकीच्यांसाठी लॅबजवळ राहणारं कुणीतरी शोधते. नेवऱ्या पोचवीन म्हणावं.