गंभीर जखमी रुग्ण: जागेवर उपचार करायचे की उचलून थेट निघायचं?

रात्रपाळी
मी रुग्णवाहिकेवर काम करतो. मागच्या महिन्यात पोटात सुरा लागलेल्या माणसाला सलाईन लावण्याच्या खटपटीत जागेवरच आमची बारा मिनिटं गेली. हात थंडगार, शीर सापडेना. मी टॉर्च धरून त्याचं मनगट चोळत होतो. आतला रक्तस्राव तिथे आमच्यापैकी कोणाच्याच हातून थांबणार नव्हता, तो सर्जनच थांबवणार. माझं स्पष्ट मत: छाती-पोटात भोसकलेला किंवा गोळी लागलेला रुग्ण असेल तर उचला आणि निघा. १९९४ साली ह्यूस्टनमधल्या अशाच ५९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनपर्यंत सलाईन रोखलेल्यांपैकी ७० टक्के वाचले, लगेच दिलेल्यांपैकी ६२ टक्के.

भूलतज्ज्ञ
साफ असहमत. श्वासमार्ग रक्ताने तुंबलेला रुग्ण काही मिनिटांत जातो, मग रुग्णालय पाच मिनिटांवर असो की वीस. छातीत हवा कोंडून बीपी कोसळला असेल तर ती हवा काढायला सुई तिथेच घालायला हवी. आणि तो अभ्यास शहरातला, भोसकल्या-गोळीच्या जखमांचा. वाहनाच्या धडकेत डोक्याला मार लागलेल्याला तो कसा लावणार? मेंदूला इजा असताना वरचा बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचा धोका वाढतो. तिथे सलाईन रोखणं म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तोडणं.

रात्रपाळी
डोक्याचं मान्य. श्वासमार्ग मोकळा करायला, मांडीतून धार उडत असेल तर टूर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) आवळायला माझा विरोध कधीच नव्हता. त्याला मिनिटभर पुरतं. माझा राग सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतण्यावर आहे. रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गुठळी धरत नाही. धरलेली असली तर दाब वाढून सुटते.

सिस्टर
तुमचा वाद मिनिटांचा, पण रुग्ण आमच्या दारात येतो तेव्हा काय दिसतं सांगू? ओले कपडे तसेच अंगावर, ब्लँकेट नाही. दंडाला टूर्निकेट आहे, पण कधी बांधलं ते कुठेच लिहिलेलं नाही. सर्जन विचारतात, आणि सोबत आलेला माणूस नुसता बघत राहतो. दुसरं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, त्याबद्दल दोघंही गप्प. त्याच्या २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांवर रुग्ण होते आणि मृत्यू कमी झाले. मात्र पुढच्या विश्लेषणात दिसलं की दुखापतीनंतर तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. म्हणून इजेची वेळ कळणं आम्हाला इतकं गरजेचं.

भूलतज्ज्ञ
सिस्टर, वेळेचं शंभर टक्के पटलं. पण रात्रपाळी, मूळ प्रश्न तसाच राहतो. पोटात रक्तस्राव आणि डोक्याला मारही, असा रुग्ण आला तर बीपी किती ठेवणार? मी ११० धरेन, पोटातून थोडं जास्त रक्त गेलं तरी.

रात्रपाळी
मी ९०. आणि गाडी चालूच ठेवेन.