मदत हवी आहे: जुन्या फ्लॅटमधल्या जीआय पाइपलाइन बदलायच्या आहेत, भरवशाचा प्लंबर कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. इमारत १९८८ सालची, तीन मजली, लिफ्ट नाही, गच्चीवर टाकी. घरातल्या पाण्याच्या सगळ्या लाइनी मूळच्याच, भिंतीत गाडलेल्या जीआयच्या (म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपांच्या). त्या आता पूर्ण बदलायच्या असं घरात ठरलं आहे, पण कशा आणि कुणाकडून, इथे गाडी अडली आहे. ज्यांनी राहत्या घरात हे काम करून घेतलंय किंवा जे या धंद्यात आहेत त्यांनी कृपया सांगावं.

त्रास काय होतोय ते आधी सांगते. सकाळी पहिलं तांब्याभर पाणी तांबूस येतं, मग हळूहळू स्वच्छ होतं. स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी. बाथरूममध्ये गरम पाणी चालू असताना बेसिनचा नळ कुणी उघडला की गरम पाणी थांबलंच. हे सगळं आम्ही चालवून घेत होतो. पण आता खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे, रंगाचे पोपडे सुटायला लागलेत. काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट "तुमच्या सोयीने करा गं" म्हणतात. त्यामुळे मला जास्तच लागून राहिलंय. काम लवकर व्हायला हवंच आहे, पण घाईत चुकीचं काम होऊन पुन्हा त्यांच्याच छतावर यायला नको.

गेल्या महिन्यात बेसिनखालचा एल्बो गळायला लागला तेव्हा प्लंबरने पाइपाचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. बाहेरून धडधाकट, ऑइलपेंटचा थरसुद्धा शाबूत. आतून मात्र तपकिरी गाठीच गाठी, अर्धा इंची पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं. आट्यांजवळ तर पत्रा इतका पातळ झालेला की नखाने ढलपी निघाली. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज तिथूनच धरतो, असं त्यांनी समजावलं. नवा जोड बसवायला आटेच पकडेनात, शेवटी भिंतीजवळ कसंबसं जमवून नळी जोडून दिली. तो तुकडा पाहिल्यापासून भिंतीत काय परिस्थिती असेल या विचाराने झोप उडाली आहे.

आत्तापर्यंत तिघांना घर दाखवलं. पहिले आमच्या सोसायटीत नेहमी येणारे. त्यांचं म्हणणं, गळतंय तेवढंच बदला, बाकीची लाइन अजून दहा वर्षं जाईल. दुसरे म्हणाले, जुन्या लाइनीला डमी मारून (तोंडं बंद करून) ती भिंतीतच सोडून द्या, सीपीव्हीसीची (गरम पाणीही चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाची) नवी लाइन बाहेरून क्लॅम्पवर फिरवू, फोडाफोड नाही. तिसरे ठेकेदार. दोन्ही बाथरूमच्या टाइल्स काढायच्या, नवी लाइन कन्सील (भिंतीच्या आत लपवलेली), वॉटरप्रूफिंग, पुन्हा टाइल्स. त्यांचं कोटेशन दुसऱ्यांच्या तिपटीच्या आसपास आहे आणि तेही एका ओळीत, ठोक. पाइप कुठला विचारलं तर "कंपनीचाच वापरतो" एवढंच उत्तर.

मला स्वतःला तुकड्या-तुकड्याने बदलणं पटत नाही. एक जोड खोलायला पाना मारला की शेजारचा हलतो, हे बेसिनच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं. पण बाहेरून की कन्सील, यावर घरात दोन तट आहेत. सासऱ्यांना (वय ८२) बाहेरची लाइन चालेल, उद्या गळली तर दिसेल तरी, असं ते म्हणतात. नवऱ्याला बाथरूमभर पाइप फिरलेले नको आहेत. आणि सासऱ्यांना घेऊन फोडाफोडीत राहायचं कसं, हा प्रश्न आहेच.

शिवाय भिंत बुजवण्याआधी लाइन तपासून दाखवा, असं ठेकेदारांना म्हटलं तर त्यांनी विषयच बदलला. ही मागणी वावगी आहे का? दर ठोक घ्यावा की पॉइंटप्रमाणे (नळाच्या दर जोडणीमागे)? पैसे कोणत्या टप्प्याला द्यावेत? आणि सोसायटीकडे काय मागायचं? माझ्या माहितीप्रमाणे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने आणि घरातल्या संडास-मोरी-सिंकची गळती सभासदाच्या खर्चाने. तेव्हा घरातला खर्च आमचा, याबद्दल वाद नाही.

प्रतिसाद १

ताई, मी ठाण्यात प्लंबिंगची कामं घेतो. पहिलं म्हणजे काकूंच्या छताची ओल पाण्याच्या लाइनीचीच आहे हे आधी पक्कं करा. बाथरूमला पाणी देणारा व्हॉल्व्ह दोन दिवस पूर्ण बंद ठेवा आणि ते बाथरूम वापरू नका. खाली थेंब थांबले की मग उलटं करा: व्हॉल्व्ह उघडा, पण नळ एकही सोडू नका. नुसत्या भरलेल्या लाइनीने थेंब पुन्हा सुरू झाले तर लाइन गळतेय. काहीच झालं नाही तर नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडात) रंगाचं पाणी ओता. खाली रंग उतरला तर दोष ट्रॅपच्या सांध्याचा किंवा वॉटरप्रूफिंगचा, आणि पाइप सोन्याचे घातले तरी ओल जाणार नाही. जुन्या इमारतीत दोन्ही एकदम असणं काही नवल नाही. फक्त छत पूर्ण सुकायला आठवडे जातात, तेव्हा डागाकडे नका बघू, थेंबाकडे बघा.

तुकड्याने बदलू नका, हे तुमचं बरोबर आहे. पाइप सीपीव्हीसी घ्या. पाइपावर आयएस १५७७८ (भारतीय मानक) आणि एसडीआर ११ (पाइपाचा व्यास त्याच्या जाडीच्या किती पट, तो आकडा) छापलेलं असतं, ते स्वतः वाचून घ्या. हा पाइप ९३ अंशांपर्यंतच्या पाण्याला चालतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला, गरम लाइनीला कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नळ जिथे आटे घेऊन बसतो तिथे पितळी आट्यांचेच फिटिंग हवेत. गीझरला प्लॅस्टिकचा पाइप थेट भिडवायचा नाही, मध्ये धातूचं कनेक्शन हवं, आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे ना ते बघा. आट्यांना टेफ्लॉन टेपच. काही जुने लोक सवयीने सफेदा आणि सूत लावतात. ते जीआयला ठीक होतं, सीपीव्हीसीला तेलकट काहीही लावलं तर तो तडकतो.

बाहेरून की आतून विचाराल तर मी मिश्र सुचवेन. स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी, संडासाची फ्लश टाकी इथे लाइन बाहेरून घ्या. दर तीन फुटांवर क्लॅम्प, आणि गरम लाइनीचा क्लॅम्प आवळून बसवायचा नाही, कारण ती तापली की लांबते. उन्हात येणाऱ्या भागाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइलपेंट नको. बाथरूममध्ये कन्सील करायचं असेल तर चार इंची भिंतीत आडवी झिरी लांबच्या लांब मारू देऊ नका. खांब-तुळईला तर हातच लावायचा नाही.

टेस्टची मागणी अजिबात वावगी नाही. गीझर वगळून सगळ्या तोंडांना प्लग मारायचे, सोल्युशनचे (पाइप चिकटवणाऱ्या द्रवाचे) जोड एक रात्र सुकू द्यायचे, लाइनीतली हवा काढायची आणि हातपंपाने दहा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर भरायचं. तासभर काटा हलता कामा नये. गवंडी झिरी बुजवत असतानाही लाइन प्रेशरवरच ठेवायची, म्हणजे छिन्नी लागली तर तेव्हाच कळतं. जो हे करायला नाही म्हणतो त्याला काम देऊ नका, मग त्याचा दर काहीही असो.

माणूस पारखायचा तर त्याला एक जोड करून दाखवायला सांगा. पाइप कटरने सरळ कापतो का, कापलेल्या कडेची कूस साफ करतो का, सोल्युशन पाइप आणि फिटिंग दोन्हींना लावतो का, घालताना पाव फेरा फिरवून क्षणभर दाबून धरतो का. हॅक्सॉने वाकडा कापून कोरडाच ठोकून बघत असेल तर नमस्कार. सोल्युशनच्या डब्यावरची तारीखही बघा, घट्ट झालेला डबा वापरायचा नसतो.

दर पॉइंटप्रमाणे मागा, मटेरियल वेगळं आणि बिल तुमच्या नावावर. टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगचा भाग वेगळ्या ओळीत लिहून घ्या, तरच तिघांची तुलना होईल. मटेरियल आलं की काही रक्कम, टेस्ट पास झाली की मोठा हिस्सा, आणि थोडे पैसे महिनाभर हातात ठेवा.

प्रतिसाद २

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, आता निवृत्त. त्या काळच्या कित्येक घरांत गीझरची किंवा सगळ्या घराची अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाइपाला गुंडाळलेली सापडते. ते तेव्हाही योग्य नव्हतं, पण चालून जायचं. पाइप प्लॅस्टिकचा झाला की ती अर्थिंग तिथेच संपते. घरात सगळं नेहमीसारखं चालू राहतं, त्यामुळे कळतही नाही, आणि गीझरची कॉइल खराब होईल त्या दिवशी पाण्यात करंट येऊ शकतो. लाइन काढण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि मीटरपासून वेगळी अर्थ वायर ओढून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर त्याच वेळी बसवा. घरात ८२ वर्षांचे आजोबा आहेत, यात काटकसर करू नका.

प्रतिसाद ३

प्रेशरबद्दल फार आशा ठेवू नका. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून सहा-साडेसहा मीटर उंच असेल. दहा मीटरला एक किलो या हिशेबाने तुम्हाला ०.६ किलोच्या आसपास मिळणार. बादली भरायला ते पुरेसं आहे, मोठ्या शॉवरला नाही. म्हणून घरातली मुख्य लाइन पाऊण इंची घ्या आणि शेवटच्या पॉइंटलाच अर्धा इंची करा. आणि टाकीपासून खाली येणारा डाउनटेक जीआयचाच असेल तर गंज तिथूनही येणार. तो सोसायटीचा विषय आहे, आत्ताच पत्र द्या. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडायचे, क्षाराने सगळे नळ खाल्ले. तुमच्याकडे तसं आहे का?

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. अर्थिंगचं वाचून लगेच वायरमनला बोलावलं. गीझरची हिरवी तार खरोखरच बाथरूमच्या माळ्यावर जीआय पाइपाला क्लॅम्पने बांधलेली निघाली. पाइपांच्या आधी ते काम करून घेतोय, तोवर गीझर बंद, पाणी गॅसवर तापवतोय. सासऱ्यांनी तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय.

व्हॉल्व्हची टेस्टही केली. बाथरूम बंद असताना काकूंकडचे थेंब थांबले, आणि नुसती लाइन भरल्यावर पुन्हा सुरू झाले. म्हणजे पाण्याची लाइन नक्की गळतेय. ट्रॅपमध्ये रंग ओतायचं बाकी आहे, ते झाल्याशिवाय टाइल्स काढायचा निर्णय घेणार नाही. तोवर त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंदच ठेवलाय, सगळे दुसरं वापरतोय. काकूंना तसं सांगून आले.

बोअरचं पाणी आमच्याकडे फक्त बाग आणि पार्किंगसाठी आहे, टाकीत पालिकेचंच येतं. डाउनटेक मात्र जीआयचाच आहे. सचिवांना पत्र दिलंय, तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनीही सही केली.

घरात मिश्र पद्धतीवर एकमत झालं: स्वयंपाकघर आणि फ्लशची लाइन बाहेरून, बाथरूममध्ये कन्सील. एक बाथरूम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, म्हणजे सासऱ्यांची अडचण होणार नाही. दुसऱ्या प्लंबरना टेस्टचं विचारलं तर ते तयार आहेत, पण त्यांच्याकडे हातपंप नाही. तो भाड्याने मिळतो का? आणि कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात असं काम टेस्टसकट करून दिलेला प्लंबर कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. नंबर इथे उघड टाकू नका. त्यांनी केलेलं एखादं घर बघायला मिळालं तर फारच उत्तम.