अडचणीतल्या क्लबाने दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड करावं का? कॉव्हेंट्रीच्या निमित्ताने

डावीबगल यांचा प्रश्न:

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या खालच्या विभागांतला एखादा क्लब कर्जात गेला की एक सल्ला हमखास दिला जातो: शेजारच्या क्लबाबरोबर मैदान वाटून घ्या, खर्च निम्म्यावर येईल. वरवर पटतंही. तीस हजारांचं स्टेडियम पंधरवड्यातून एकदा उघडायचं आणि बाकी दिवस नुसतं राखत बसायचं, हे कुणालाच परवडणारं नाही. मग कॉव्हेंट्री सिटीला हे का जमलं नाही? 2005 मध्ये हायफील्ड रोड हे जुनं मैदान सोडल्यापासून त्यांनी सगळे प्रकार करून पाहिले. स्वतःच्या गावात भाडेकरू झाले, नॉर्थहॅम्प्टनला गेले, बर्मिंगहॅमला गेले, रग्बीच्या वॉस्प्सबरोबरही राहिले. चूक मैदान वाटून घेण्यात आहे की वाटून घेण्याच्या पद्धतीत? भाडं, गवत आणि करार या तिन्ही अंगांनी कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

ताळेबंद यांचं उत्तर:

पैशापासून सुरुवात करतो, कारण खरी गाठ तिथे आहे.

रिको अरेना हे कॉव्हेंट्रीतलं नवं स्टेडियम बांधून होईपर्यंत क्लब इतका ओढगस्तीत आला होता की 2003 मध्ये त्याने त्या प्रकल्पातला आपला अर्धा हिस्सा हिग्ज धर्मादाय संस्थेला विकला. उरलेला अर्धा नगरपालिकेचा. म्हणजे 2005 मध्ये क्लब नव्या घरात शिरला तो पहिल्या दिवसापासून भाडेकरू म्हणूनच. भाडं वर्षाला सुमारे 12.8 लाख पौंड. ते घरच्या 23 लीग सामन्यांवर वाटून पाहा: सामन्यामागे 55 हजार. तिकीट 20 पौंडांचं धरलं तर 20 टक्के व्हॅट वजा जाता हातात 16.67 राहतात. म्हणजे पहिले 3,300 प्रेक्षक फक्त भाडं फेडायला आले. स्टुअर्ड, पोलीस, रुग्णवाहिका, वीज, खेळाडूंचे पगार हे सगळं त्यानंतर.

त्यातही घाव बसला तो खाण्यापिण्याच्या उत्पन्नावर. मांस भरलेल्या पेस्ट्र्या, बियर, गाड्यांचं पार्किंग, कॉर्पोरेट जेवणावळी ही मिळकत स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीकडे जायची. प्रेक्षक क्लबाने गोळा करायचे आणि गल्ला दुसऱ्याने भरायचा. दुसऱ्या विभागात, भरपूर गर्दीत हे कसंबसं निभतं. 2012 मध्ये संघ तिसऱ्या विभागात घसरला, भाडं मात्र होतं तिथेच राहिलं. क्लबाने भाडं थांबवलं, प्रकरण कोर्टात गेलं, मार्च 2013 मध्ये क्लबाची एक कंपनी दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि 10 गुण कापले गेले. पुढच्या हंगामाच्या तोंडावर आणखी 10.

म्हणून माझं मत असं की विभाग बदलला की भाडं आपोआप बदलेल असं कलम नसेल, तर अडचणीतल्या क्लबाने सहीच करू नये.

---

पूर्वगॅलरी

भाडं वाचवायला म्हणून 2013-14 मध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्सवर जाण्याचा जो निर्णय झाला, त्याचा हिशेब कागदावरसुद्धा जुळत नव्हता. अंतर 35 मैल, म्हणजे 56 किलोमीटर. मैदानाची क्षमता साडेसात हजारांच्या आसपास. आदल्या हंगामात रिकोवर सरासरी सुमारे 11 हजार लोक यायचे. सिक्सफील्ड्सवर सरासरी 2,300-2,400.

सामन्यामागे साधारण 8,600 प्रेक्षक गेले. गुणिले 23, म्हणजे जवळपास दोन लाख तिकिटं. व्हॅट वगळून 15 पौंड धरले तरी 30 लाख पौंड बुडाले, वाचवायला निघाले होते ते 12.8 लाख. दात कोरून पोट भरायला गेले आणि हातचं ताटच घालवून बसले.

आणि हे प्रेक्षक आळसाने घरी बसले नव्हते. 'आमचा संघ आमच्या गावातून नेला तर आम्ही पैसे देणार नाही' अशी त्यांची उघड भूमिका होती. सिक्सफील्ड्सच्या कडेला एक टेकाड आहे. तिथून मैदानाचा काही भाग दिसतो, एक गोल जवळजवळ पूर्ण आणि दुसरा अर्धामुर्धा. कॉव्हेंट्रीची आकाशी जर्सी घातलेले लोक 56 किलोमीटर येऊन त्या टेकाडावर उभे राहायचे आणि आत जायचे नाहीत. क्लबावर माया आहे आणि क्लबाच्या तिजोरीत एक पेनीही टाकायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे मालकांना कळलं नाही. 5 सप्टेंबर 2014 ला संघ रिकोवर परतला तेव्हा गिलिंगहॅमविरुद्ध 27,306 लोक आले. तेही तिसऱ्या विभागातल्या सामन्याला!

---

गवतवाला

गवताबद्दल सांगतो. त्याचा विचार सही करताना कुणी करत नाही.

साधं नैसर्गिक मैदान आठवड्याला तीन ते सहा तासांचा खेळ सोसतं. हायब्रिड मैदानात कृत्रिम धागे सुमारे 20 सेंटिमीटर खोल शिवलेले असतात, वर दोनेक सेंटिमीटर दिसतात. मुळं त्यांच्याभोवती गुंफतात म्हणून ते जास्त तास टिकतं. पण वरचं खरं गवत शेवटी रायग्रासच. बी पेरल्यावर आठवड्याभरात हिरवी लव दिसते आणि व्यवस्थापक खूश होतात. तीच फसगत. मूळ बुटाचा पिळा सोसण्याइतकं घट्ट व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी खेळवलं तर गवत झिजत नाही, गालिच्यासारखं सोलून निघतं.

रग्बी आणि फुटबॉल एकत्र म्हटलं की आणखी अडचणी येतात. स्क्रममध्ये, म्हणजे रग्बीत दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, दोन्हीकडचे सोळा जण मिळून पावणेदोन टनांच्या आसपास वजन एकाच जागी आडवा रेटा देतं. तिथे माती दबते आणि वरचा थर सरकतो. गवताची उंचीही वेगळी: फुटबॉलला 25 मिलिमीटरच्या आसपास, रग्बीला त्याहून वाढलेलं हवं. रग्बीच्या रेषा हिरव्या रंगाने झाकतात, पण पावसात त्या पुन्हा डोकावतात. शिवाय रग्बीचे खांब आणि फुटबॉलचा गोल एकाच रेषेवर, पण रुंदी 5.6 आणि 7.32 मीटर, म्हणून जमिनीत खोबण्यांच्या दोन जोड्या. झाकणावरचा गवताचा तुकडा मिलिमीटरभर जरी वर राहिला तरी गोलरक्षकाच्या घोट्याला धोका.

2022 चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 29 ते 31 जुलै, राष्ट्रकुल स्पर्धेतली रग्बी सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) कॉव्हेंट्रीच्याच मैदानावर. तीन दिवसांत साठाहून जास्त सामने, प्रत्येकी 14 मिनिटांचे. नुसता खेळ 14 तास, सराव वेगळा. साध्या गवताची महिनाभराची झीज तीन दिवसांत झाली, आणि तीही उन्हाळ्यातल्या डागडुजीच्या नेमक्या काळात. मैदान असुरक्षित ठरलं. कॉव्हेंट्रीचे रॉदरहॅम, विगन आणि हडर्सफील्डविरुद्धचे घरचे सामने पुढे ढकलले गेले, लीग कपचा 'घरचा' सामना बर्टन क्लबाच्या मैदानावर खेळावा लागला. ढकललेले सामने मग आठवड्याच्या मधल्या दिवसांत बसवावे लागतात, विश्रांती घटते, स्नायू दुखावतात. गवताचं बिल शेवटी गुणतक्त्यावर येतं.

---

जुनीजर्सी

वरचं सगळं मान्य, पण निष्कर्ष एकतर्फी होतोय. दुसऱ्याच्या मैदानावर राहून फुटबॉल चांगला खेळलेला आहे. चार्ल्टनने 1985 मध्ये व्हॅली हे स्वतःचं मैदान सोडून सेलहर्स्ट पार्कवर क्रिस्टल पॅलेस क्लबाकडे बिऱ्हाड नेलं आणि 1986 मध्ये सर्वोच्च विभागात बढती मिळवली. ब्रिस्टल रोव्हर्स 1986 ते 1996 बाथच्या ट्वर्टन पार्कवर होते, आणि 1990 मध्ये तिसरा विभाग जिंकले. कॉव्हेंट्रीनेच 2019-20 मध्ये बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूजवर राहून तिसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. चांगला प्रशिक्षक आणि एकजीव संघ असेल तर परकं मैदान आड येत नाही.

---

ताळेबंद

@जुनीजर्सी, मैदानावरच्या कामगिरीबद्दल वाद नाही. पण तुमच्याच उदाहरणांत पुढे काय झालं ते पाहा. चार्ल्टनच्या चाहत्यांनी 1990 च्या स्थानिक निवडणुकीत चक्क पक्ष काढून जवळपास 15 हजार मतं मिळवली, तेव्हा कुठे डिसेंबर 1992 मध्ये व्हॅली परत मिळाली. त्याच सेलहर्स्टवर 1991 ला गेलेला विम्बल्डन फुटबॉल क्लब कधीच घरी परतला नाही. 2003 मध्ये तो मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेला गेला. परतीची तारीख आणि जागा ठरलेली नसेल तर तात्पुरती सोय कायमची होते.

---

पूर्वगॅलरी

रोव्हर्सचा पुढचा भाग सांगायलाच हवा, कारण डावीबगल यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. 1996 मध्ये रोव्हर्स ब्रिस्टलच्या रग्बी क्लबाकडे मेमोरियल मैदानावर भाड्याने आले. लवकरच मैदानाच्या कंपनीत निम्मे भागीदार झाले. करारात एक कलम होतं: एक क्लब बुडाला तर दुसऱ्याने त्याचा हिस्सा नाममात्र किमतीला घ्यायचा. 1998 मध्ये रग्बी क्लब दिवाळखोरीच्या दारात गेला आणि रोव्हर्सनी उरलेला अर्धा हिस्सा 10,000 पौंडांत घेतला. भाडेकरू मालक झाला, आणि मालक भाडेकरू.

याच्या उलट कॉव्हेंट्री. 2014 मध्ये वॉस्प्सनी रिको चालवणारी कंपनी विकत घेतली, 250 वर्षांचा लीज पदरात पाडून घेतला, वर 2015 मध्ये 3.5 कोटी पौंडांचे रोखे काढले, 6.5 टक्के व्याजाचे. 2019 ला करार फिसकटून क्लब बर्मिंगहॅमला गेला, 2021 मध्ये दहा वर्षांचा करार करून परतला. 2022 मध्ये रोख्यांची परतफेड जमली नाही, वॉस्प्स प्रशासकाकडे गेले, स्टेडियम माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपकडे. नव्या मालकाने जुना करार स्वीकारलाच नाही. डिसेंबरमध्ये हातात कागद पडला: नव्या अटींवर सही करा नाहीतर जागा सोडा. दहा वर्षांचा करार दीड वर्षात रद्दी. घरमालक बुडाल्यावर काय होणार, हे एका ओळीत लिहिलेलं असतं तर ही वेळ आली नसती.

---

फातोर्डाकडे

गोव्यातून पाहताना हा वाद जरा वेगळा दिसतो. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम सरकारी. आय-लीगच्या काळात देम्पो, चर्चिल, साळगावकर असे कितीतरी क्लब तिथे खेळायचे, आता एफसी गोवा. आपल्याकडे बहुतेक क्लब भाडेकरूच, म्हणून 'आपलं मैदान गेलं' हे दुःख आपल्याला चटकन कळत नाही. पण तारखांची मारामारी मात्र तीच. सामन्याआधी किती दिवस मैदान मोकळं ठेवायचं हे कागदावर नसेल तर अमुक कार्यक्रमाचा मंडप उतरायच्या आत संघ सरावाला उभा असतो.

---

डावीबगल

सर्वांचे आभार. मग करारात नेमकं काय मागायचं, ते कुणी ओळीने सांगेल का?

---

ताळेबंद

विभागानुसार उतरणारं भाडं. खाण्यापिण्याच्या आणि पार्किंगच्या उत्पन्नात ठरलेला टक्का, आणि तो निव्वळ नफ्यावर नाही तर एकूण विक्रीवर. नफा कागदावर शून्य दाखवता येतो. घरमालक बुडाला किंवा त्याने जागा विकली तर करार नव्या मालकावर बंधनकारक, आणि पहिली खरेदीची संधी भाडेकरूला. मुदत संपण्याच्या निदान 18 महिने आधी नूतनीकरणाची बोलणी, म्हणजे दुसरी जागा शोधायला एक पूर्ण हंगाम मिळतो. गवताचं गवतवाला सांगतील. कॉव्हेंट्रीने अखेर ऑगस्ट 2025 मध्ये स्टेडियमच विकत घेतलं, तेव्हा कुठे वीस वर्षांची ही भाडेचिठ्ठी फाटली.

---

गवतवाला

मे-जून-जुलैतले सलग आठ आठवडे मैदानावर काहीही नाही, मैफल नाही, रग्बी नाही. दोन सामन्यांत किमान 48 तास. मैदानप्रमुखाला 'आज खेळ नाही' म्हणायचा अधिकार, आणि त्याचा पगार दोन्ही क्लबांनी निम्मा-निम्मा द्यायचा. एकाच क्लबाचा माणूस असेल तर पावसाळी मंगळवारी तो कुणाचा सामना रद्द करेल हे सांगायला नको. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर दोन्ही बाजूंसमोर मैदानाचे फोटो, मुळांची खोली मोजून नोंद. पाच ठिकाणी मातीचा गाभा काढायचा: दोन्ही गोलांपुढे, मध्यवर्तुळात आणि दोन्ही सहायक पंच धावतात त्या पट्ट्यांत. मूळ 10 सेंटिमीटरच्या वर असेल तर ठीक, पाचच्या खाली असेल तर खर्च कुणाचा हे त्याच पानावर लिहून सही घ्यायची.