डॉक्टर हू : आता मानाने निरोप द्यावा की चालू ठेवावं?

निळीपेटी_कोथरूड
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो, डॉक्टर हू (बीबीसीची सायन्स फिक्शन मालिका, काळातून फिरणारा डॉक्टर मरायला टेकला की रूप बदलतो, म्हणजे नवा नट येतो, यालाच रीजनरेशन म्हणतात) चालू राहावी असं अजून कोणाला मनापासून वाटतं का? मे २०२५ ला सीझन संपला, डॉक्टर झालेला शूटी गॅटवा दोनच सीझन करून गेला आणि त्याच्या जागी उभी कोण, तर बिली पायपर, म्हणजे २००५ ची डॉक्टरची सोबतीण, आपली रोझ! बरं ती नवी डॉक्टर आहे का तेही नीट सांगितलं नाही, क्रेडिट्समध्ये नुसतं नाव. मग ऑक्टोबरात बातमी आली की डिस्नेने अंग काढून घेतलं, २६ भागांचा करार होता तेवढा झाला, आणि बीबीसी म्हणते आम्ही आहोत की, २०२६ च्या ख्रिसमसला मुख्य लेखक रसेल टी डेव्हिस एक स्पेशल लिहितील. म्हणजे गोष्ट टांगून ठेवून सगळे घरी. आमच्या ग्रुपमध्ये (शाळेत असताना आयुकाच्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना जायचो तेव्हापासूनची टाळकी) यावरून सरळ दोन पार्ट्या पडल्यात. माझं म्हणणं, १९६३ पासून चाललंय, खूप झालं, त्या स्पेशलमध्ये छान शेवट करा आणि संपवा. नाहीतर आपल्याकडच्या मालिकांमध्ये आणि यात फरक काय राहिला? तिथे प्लास्टिक सर्जरी, इथे रीजनरेशन.

सदाशिवपेठी_सायबरमॅन
फरक आहे ना. आपल्याकडे चेहरा बदलला तरी घरातलं कोणी हूं की चूं करत नाही, इथे चेहरा बदलल्यावर जो गोंधळ होतो तीच गोष्ट असते. १९६६ ला पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना तेव्हा बंद करायला चांगलं निमित्त होतं की, पण त्यांनी पॅट्रिक ट्राउटनला आणलं आणि त्याने पहिल्याची नक्कल न करता वेगळाच माणूस उभा केला. अडचणीतून काढलेली पळवाट, तीच मालिकेचा कणा झाली.

माझी तक्रार वेगळीये. १९७६ ला यांनीच नियम केला की टाइम लॉर्डला (डॉक्टरची जमात) १२ वेळाच रूप बदलता येतं, म्हणजे १३ आयुष्यं, पुढे खेळ खलास. २०१३ ला मॅट स्मिथचा डॉक्टर जाताना नवीन कोटा मिळाला, ठीके, मान्य, तो सीन मलाही आवडतो. पण २०२० ला तर सांगूनच टाकलं की डॉक्टर मुळात त्या जमातीतला नाहीच, हार्टनेलच्या आधीही कितीतरी रूपं होऊन गेली, मोजदादच नाही. मरणच काढून घेतल्यावर मी श्वास रोखून काय बघायचं? चालू ठेवा नाहीतर बंद करा, पण आधी ते निस्तरा.

नाट्यपदवेडी
मला हा प्रश्नच कळत नाही. सौभद्र १८८२ ला इथे पुण्यातच पहिल्यांदा झालं, अजून प्रयोग होतात, नवा कृष्ण येतो, लोक म्हणतात आधीच्याची सर नाही आणि तरी तिकीट काढून बसतात. कोणी विचारतं का सौभद्र बंद करायचं का म्हणून? डॉक्टर तसाच आहे. कोणी टेनंटच्या डॉक्टरवाले, कोणी कपाल्डीच्या (मी! आणि यावर वाद घालणार नाही), उद्या आणखी कोणी येईल. नाही आवडला तर दोन-तीन वर्षं कळ काढायची.

सासवडचा_टाइमलॉर्ड
ताई, सौभद्रात पदं तीच, नाटक तेच, फक्त गाणारा नवा. इथे प्रत्येक सीझनला आठ कोऱ्या गोष्टी लिहायच्यात आणि खरी अडचण तीच आहे, लिहिणारे दमलेत. म्हणून मी म्हणतो थांबवा, पण शेवट करू नका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निळीपेटी दोन्ही एकच धरतोय.

डिसेंबर १९८९ ला २६ सीझन झाल्यावर बीबीसीने एकदा बंद केलीच होती. मधे १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर २००५ पर्यंत पडद्यावर नवीन मालिका नाही. आता त्या काळात काय झालं बघा. फॅन लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या, १९९९ पासून बिग फिनिश कंपनीने ऑडिओ नाटकं काढली, आणि मुलांना झेपेल का, बजेटमध्ये बसेल का ही कटकट नसल्यामुळे पोरांनी वाट्टेल ते प्रयोग केले. खुद्द रसेल टी डेव्हिसनी १९९६ ला एक कादंबरी लिहिलीये. पॉल कॉर्नेलने १९९५ ला जी कादंबरी लिहिली, डॉक्टर स्वतःला विसरून साधा माणूस होऊन शाळेत शिकवतो ती, तिच्यावरून २००७ चे दोन भाग झाले आणि टेनंटचं सगळ्यात भारी काम त्यात आहे. २००५ चा एकट्या दालेकचा (डॉक्टरचे जुने यंत्रासारखे शत्रू) भाग, तो रॉब शिअरमनच्या २००३ च्या ऑडिओ नाटकावरून आलाय. म्हणजे आपण ज्याला नव्या मालिकेचे सोन्याचे दिवस म्हणतो त्यातलं बरंचसं बंद असतानाच्या वर्षांत उगवलंय. आमच्याकडे जमीन एखादं वर्ष पडीक ठेवतात तेव्हा कोणी शेती सोडली असं म्हणत नाही.

आणि शेवट नको कारण शेवट लिहिला की पुढच्या माणसाला आधी तो पुसत बसावं लागतं. वर सायबरमॅनने नियमांचं लिहिलंय तेच.

निळीपेटी_कोथरूड
हे पटतंय थोडं. पण २००५ ला परत आली तेव्हा पहिला भाग ब्रिटनमध्ये १ कोटीच्या वर लोकांनी पाहिला, शनिवारी संध्याकाळी अख्खं घर टीव्हीसमोर. आता पोरं रील्स बघतात. आत्ता थांबवली तर परत कोण विचारणार? आणि पैसे कोण देणार डिस्नेशिवाय?

सासवडचा_टाइमलॉर्ड
१९८९ लाही हेच म्हणत असणार. आणि पैशांचं म्हणाल तर कमी पैशात केलेली मालिका आहे ही मुळात, पुठ्ठ्याच्या भिंती हलायच्या त्याच्यात.

मिसळ_आणि_मंगळ
चालू की बंद यापेक्षा कोणाच्या हातात आहे ते बघा राव. १९६३ ला निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, २७ वर्षांची, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, आपल्या लखनौमध्ये जन्मलेला, पंचविशीचा. साहेबी कंपूत दोघंही उपरे. पहिला भाग केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी लागला, पुढच्या आठवड्यात परत दाखवावा लागला, तरी पोरांनी रेटून नेलं. आणि २००५ नंतरचे तीन शोरनर (मालिका चालवणारे मुख्य लेखक) बघा, डेव्हिस, मॉफट, चिबनॉल, तिघेही लहानपणापासूनचे कट्टर फॅन, मग परत डेव्हिस. फॅन माणूस फॅनसाठीच लिहितो, जुना व्हिलन आणा, जुनी रोझ आणा. गंमत म्हणजे हा चिबनॉल १९८६ ला पोरसवदा असताना टीव्हीवर येऊन त्या वेळच्या लेखकांना तोंडावर सुनावून गेला होता की मालिका बिघडलीये म्हणून, आणि ३० वर्षांनी स्वतःच्या हातात आली तेव्हा लोकांनी त्याला तेच सुनावलं, फुकटात क्लिप फिरतेय बघा. जिने आयुष्यात एक भाग पाहिला नाही अशा एखाद्या २७ वर्षांच्या मुलीला द्या. माझं मत चालू ठेवा.

(तरी चिबनॉलच्याच काळात २०१८ चा फाळणीवरचा पंजाबचा भाग झाला, विनय पटेलने लिहिलेला. तो बाहेरून आलेला लेखक होता हेही बघा.)

सदाशिवपेठी_सायबरमॅन
ज्याने पाहिली नाही त्याला द्यायची? मग महापालिकेलाच द्या, रस्ते कुठे पाहून करतात.

आणि मानाने निरोप वगैरे बोलताय, याच बीबीसीने ६० च्या दशकातल्या भागांच्या टेप पुसून टाकल्या, नव्वदच्या वर भाग आजही सापडत नाहीत. आवाज तेवढे सगळे शिल्लक आहेत कारण पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून रेकॉर्डिंग केलं होतं. बंद झाली काय, चालू राहिली काय, सांभाळणारे बाहेरचेच आहेत.

नाट्यपदवेडी
हे मात्र खरंय.

एसवाय_फिजिक्स
मी एकही भाग बघितला नाहीये पण सगळं वाचलं 😅 सुरुवात कुठून करू?

मिसळ_आणि_मंगळ
२००७ चा ब्लिंक. डॉक्टर त्यात जेमतेम आहे, आधीचं काही माहीत असायची गरज नाही.

निळीपेटी_कोथरूड
नाही नाही, २००५ चा रोझ, पहिल्यापासून नीट बघ. कचऱ्याचा डबा माणूस गिळतो आणि ढेकर देतो, तेवढं सहन कर. दुकानातले पुतळे जिवंत होतात त्यात, त्यामुळे नंतर आठवडाभर लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानांसमोरून जरा लांबूनच जा.

सदाशिवपेठी_सायबरमॅन
हाच का तो, बंद करा म्हणणारा?