नवा राऊटर आला आणि रेडिओ गप्प झाला

(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-३०२: नवा राऊटर बसल्यापासून इंटरनेट रेडिओ वाय-फाय धरत नाहीये. फोन, टीव्ही सगळं चालू. नाव-पासवर्ड जुनंच ठेवलंय, चार वेळा टाकून झालं. कुणाला काही सुचतंय का?

सी-१०४: काकू, यादीत नाव दिसतंय पण जोडलं जात नाही, की नावच दिसत नाही? दोन्हींची कारणं वेगळी.

ए-३०२: दिसतं. कनेक्टिंग येतं, मग फेल्ड.

सी-१०४: मग सिक्युरिटी बघा. डब्ल्यूपीए म्हणजे वाय-फायच्या कुलपाची पद्धत, ३ नवी, २ जुनी. नवे राऊटर बऱ्याचदा डब्ल्यूपीए३ वर नाहीतर डब्ल्यूपीए२/३ मिश्र मोडवर असतात. थोडे जुने रेडिओ डब्ल्यूपीए२ च्या पुढे जात नाहीत आणि त्यांतले काही मिश्र मोडलाही बिचकतात. राऊटरच्या बुडाच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एईएस निवडा. टीकेआयपी ही जुनी पद्धत नको. सेव्ह केलं की घरातलं सगळं एकदा तुटून पुन्हा जोडलं जाईल.

बी-२०१: एका रेडिओसाठी सगळ्या घराची सिक्युरिटी कशाला खाली आणायची? गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, चालू करा, २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए२, आणि त्यावर एकटा रेडिओ ठेवा.

सी-१०४: काका, चालेल, पण त्यात एक मेख आहे. गेस्टवरचं यंत्र घरातल्या बाकी यंत्रांना दिसत नाही. म्हणजे रेडिओचं फोन ॲप रेडिओला शोधत बसणार, आणि संगणकावरची गाणीही रेडिओवर वाजवता येणार नाहीत. नुसती स्टेशनं ऐकायची असतील तर मात्र गेस्टच बरं.

डी-४०५: आणि नावच दिसत नसेल तर? आमचं तसं आहे.

सी-१०४: ताई, तुमचा रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असणार आणि राऊटरवर ते बंद असेल. नाहीतर राऊटरने ऑटोमध्ये १२ किंवा १३ नंबरचा चॅनेल घेतला असेल, काही रेडिओंना ११ च्या वरचं दिसतच नाही. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ वर ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. नाव लपवून ठेवलं असेल तर ते उघडं करा. लपवून सुरक्षा काही वाढत नाही, फक्त रेडिओ हैराण होतो.

बी-२०१: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव असेल तर वेगवेगळी नावं द्या. एकत्र नावात राऊटर यंत्रांना ५ वर ढकलायला बघतो आणि काही रेडिओ त्या ढकलाढकलीत लटकतात.

ए-३०२: गेस्ट चालू केलं. आता पासवर्ड टाकतेय पण ओके सापडत नाहीये! गोल बटण फिरवून अक्षरं संपली, परत पहिल्यापासून.

सी-१०४: 😀 बटण उलटं फिरवा. बऱ्याच रेडिओंवर खोडणे, ओके आणि कॅन्सल ही तिन्ही यादीच्या सुरुवातीला, पहिल्या अक्षराच्याही डावीकडे असतात. लहान-मोठी लिपी जपा. गेस्टला पासवर्ड देताना अक्षरं आणि आकडेच ठेवा, स्पेस किंवा चिन्हं नकोत. त्या बटणावर एक चिन्ह शोधण्यात संध्याकाळ जाते.

डी-४०५: ६ वर ठेवल्यावर नाव दिसलं, जोडला गेला. पण आता दर काही मिनिटांनी आवाज तुटतो आणि बफरिंग येतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे.

बी-२०१: प्लॅनचा संबंध नाही. १२८ केबीपीएसचं स्टेशन म्हणजे १०० एमबीपीएसचा जेमतेम सातआठशेवा हिस्सा. तुटतं ते राऊटर आणि रेडिओच्या मधे. रेडिओच्या जागी फोन ठेवा आणि वाय-फाय ॲनालायझर ॲपवर २.४ च्या सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) बघा. उणे ६५ च्या आसपास असेल तर ठीक, उणे ८० ला तुटणारच. रेडिओ टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून किंवा मायक्रोवेव्हशेजारी आहे का? मायक्रोवेव्ह याच फ्रीक्वेन्सीवर चालतो.

सी-१०४: आधी दुसरं स्टेशन लावून बघा. एकच तुटत असेल तर दोष त्या स्टेशनच्या सर्व्हरचा, राऊटरला हात लावू नका. सगळी तुटत असतील तरच काका म्हणतात ते. रेडिओला लॅनचा खाचा असेल तर केबल लावा, विषय संपला.

डी-४०५: फ्रीजच्या मागे होता. हलवते. डेटा किती खातो हा?

सी-१०४: १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी. रोज ८ तास म्हणजे महिन्याला साधारण १४ जीबी. ६४ केबीपीएसचं एएसी (एमपी३ सारखाच, पण कमी डेटात भागवणारा आवाजाचा प्रकार) असेल तर निम्मा, आणि बोलण्याच्या कार्यक्रमांना तेवढं पुरतं. स्टँडबायमध्येही रेडिओ वाय-फायला धरून बसतो. ते नको असेल तर सेटिंगमध्ये कीप नेटवर्क कनेक्टेड नो करा. मग सकाळी चालू व्हायला थोडा वेळ घेईल, इतकंच.

ई-५०१: माझ्या रेडिओवर डीएबी प्लस लिहिलंय. बाहेरून आलेला आहे. स्कॅन पूर्ण होतो आणि शून्य स्टेशनं. अँटेना खराब?

बी-२०१: अँटेना ठणठणीत आहे. डीएबीचं, म्हणजे हवेतून येणाऱ्या डिजिटल रेडिओचं, नियमित प्रसारण भारतात नाहीच. ते युरोप, ऑस्ट्रेलिया वगैरेकडचं, १७४ ते २४० मेगाहर्ट्झमध्ये. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद करून सगळं डीएबीवर नेलं. आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम हे वेगळं तंत्र घेतलं, ते मध्यम लहरीवर येतं आणि त्याला वेगळा रिसीव्हर लागतो. तुमच्या रेडिओत इंटरनेट आणि एफएम चालेल, डीएबी विसरा.

ई-५०१: 🙏 मुलीकडे, जर्मनीत, तसाच दुसरा आहे. तिथे डीएबीवर मधूनमधून पाण्यात गुळगुळ केल्यासारखा आवाज येतो.

बी-२०१: ते सिग्नल कमी असल्याचं लक्षण. एफएम हळूहळू खरखरतं. डीएबी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग गुळगुळतं आणि एकदम गप्प होतं. अँटेना उभी ठेवायला सांगा, आडवी नाही, कारण डीएबीच्या लहरी उभ्या असतात. लांबी ३४ सेंटीमीटरच्या आसपास पुरते. एफएमला ७५ सेंटीमीटर लागते, म्हणून पूर्ण उघडलेली अँटेना डीएबीला चांगली असेलच असं नाही. खिडकीजवळ ठेवून पुन्हा स्कॅन करायचा. यादीत प्रश्नचिन्ह लागलेली स्टेशनं उरली तर मेन्यूतल्या प्रून इन्व्हॅलिडने ती जातात.

ए-१०१ (सचिव): टाकी सफाईचा मेसेज वर गेला, कृपया वाचून घ्या. रेडिओ चालू द्या.

डी-४०५: नवीन घ्यायचा झाला तर काय बघायचं?

सी-१०४: ताई, स्पीकर किती वॅटचा ते नंतर. पहिला प्रश्न: स्टेशनांची यादी कुणाच्या सर्व्हरवरून येते? रेडिओत स्टेशनं नसतातच, तो रोज कुठल्या तरी कंपनीकडून यादी आणतो. ती कंपनी गेली की धडधाकट पेटी मुकी. अशी यादी देणाऱ्या रेसिवाची सेवा २०२१ मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यावरच्या रेडिओंचं हेच झालं. २०१९ मध्ये बऱ्याच ब्रँडची यादी व्हीट्यूनरकडून एअरेबलकडे गेली, तेव्हा रेडिओ वाचले पण लोकांना फेव्हरिट्स पुन्हा भरावी लागली.

बी-२०१: आणि स्टेशनंही आपली बाजू बदलतात. बीबीसीने २०२३ मध्ये जुने एमपी३ प्रवाह बंद केले, एचएलएस, म्हणजे आवाज लहान तुकड्यांत पाठवायची पद्धत, न येणारे रेडिओ तिथे अडकले. म्हणून खोक्यावर एचएलएस, एएसी, एचटीटीपीएस आणि डब्ल्यूपीए३ बघा. एफएम आणि ब्लूटूथ असू द्या, यादी मेली तरी पेटी कामाला येते.

सी-१०४: स्वतःचा यूआरएल टाकायची सोय आहे का तेही विचारा. आवडत्या आठदहा स्टेशनांचे थेट पत्ते कुठेतरी लिहून ठेवलेले बरे. पत्ता तपासायला संगणकावर व्हीएलसी उघडा, कंट्रोल-एन, पत्ता चिकटवा. वाजायला लागलं की कंट्रोल-जे, तिथे कोडेक, म्हणजे एमपी३ की एएसी, ते दिसतं. थेट पत्त्याऐवजी पीएलएस किंवा एम३यू फाइल मिळाली तर नोटपॅडमध्ये उघडा, आत एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता असतो, तोच खरा.

ई-५०१: माझा ॲडॉप्टर गेलाय, राऊटरचा जुना पडलाय तो चालेल का? पिन बसतेय.

बी-२०१: पिन बसण्यावर जाऊ नका!! रेडिओच्या मागे लिहिलेला व्होल्ट तोच हवा. अँपिअर तेवढा किंवा जास्त. आणि वर्तुळाच्या चित्रात मधला ठिपका धन की ऋण ते दोन्हीकडे जुळलं पाहिजे. ५ व्होल्टच्या रेडिओला १२ चा लावलात तर एकदाच वाजेल. शिवाय हलक्या ॲडॉप्टरने एफएमवर गुणगुण येते. इंटरनेटवर ऐकताना ती नसते, त्यामुळे लोक उगाच अँटेनाला दोष देतात.

ए-३०२: गेस्टवर जोडला, वाजतोय! मधे एकदा फॅक्टरी रीसेट मारला होता. आता घड्याळ साडेपाच तास मागे.

सी-१०४: रीसेटने टाइम झोन शून्यावर गेला. टाइम सेटिंगमध्ये अपडेट फ्रॉम नेटवर्क, झोन अधिक ५:३०, डेलाइट सेव्हिंग ऑफ. आणि काकू, बातम्यांआधी वेळ सांगणाऱ्या पिप्सवर भिंतीवरचं घड्याळ लावू नका. इंटरनेटवर त्या काही सेकंद उशिरा येतात, एचएलएसला कधी अर्धा मिनिटही.