चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी : तुमचे अनुभव लिहा

सुरूच न होणारी गाडी एक वेळ परवडली. ती ढकलत नाहीतर टो करून गॅरेजला नेता येते आणि तिथेही ती बंदच असते. खरा छळ मधूनच बंद पडणाऱ्या गाडीचा. भर रस्त्यात मान टाकते, दहा-पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते आणि मेकॅनिकपुढे तासभर निमूट चालते. तो म्हणतो, "साहेब, गाडी ओके आहे." मग प्लग, फिल्टर, पंप असं एकेक बदलत आपला खिसा रिकामा.

म्हणून हा धागा. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत किंवा होत्या, त्यांनी अनुभव लिहावेत. एक विनंती : काय काय बदललं याची यादी नको. गाडी नेमकी केव्हा बंद पडायची ते आधी लिहा. थंड असताना की तापल्यावर? सिग्नलला की पळताना? आचके देत की एकदम? परत कशी सुरू व्हायची? आणि दोष शेवटी कशावरून सापडला?

सुरुवात माझ्यापासून. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) मारुती ८००, सेकंडहँड घेतलेली. गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. हायवेला लागलं की थोड्या वेळाने पिकअप जायचा, मग आचके, मग बंद. थांबून चहा घेईपर्यंत पुन्हा ठीक. कार्ब्युरेटर साफ करून झाला, फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. एकदा खंबाटकी घाटाच्या अलीकडे अशीच धापा टाकत पेट्रोल पंपावर पोचली. तिथल्या पोराने टाकीचं झाकण फिरवलं आणि 'सूंऽऽ' करून बराच वेळ हवा आत ओढली गेली. पोरगाच म्हणाला, "काका, टाकीला श्वास नाही." आधीच्या मालकाने बाजारातलं कुलपाचं झाकण बसवलेलं होतं, त्याला हवेचं भोकच नव्हतं. जेवढं पेट्रोल संपतं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे, नाहीतर आत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गावात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते जाणवण्याइतकं होतच नव्हतं. झाकण सैल ठेवून साताऱ्यापर्यंत गेलो, आचका नाही. मग योग्य झाकण आणलं.

घाटाचं नाव निघालंच आहे तर एक सांगून ठेवतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरताच जोर शिल्लक असतो. पॅडल पुन्हा पुन्हा मारत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि बाजूला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होतं, पण वळतं. किल्ली मात्र पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

नागपूर, मारुती ८००

आमचीही कार्ब्युरेटरवालीच, पण तिची तऱ्हा वेगळी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एकदम शहाणी. मे महिन्यात दुपारी सिग्नलला थांबली की बंद, आणि सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी सुरू नाही. पळताना मात्र कधीच बंद पडली नाही. यातच सगळं आलं. पळताना बोनेटखाली वारा असतो, उभी राहिली की भट्टी.

या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, वीज नाही, इंजिनमधल्या फिरत्या कॅमच्या धक्क्यावर चालतो. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापलं की पंप तापतो आणि पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफेलाच दाबत बसतो, पुढे काही जात नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. जुने लोक पंपावर ओला फडका टाकायचे तो याचसाठी. मीही टाकायचो, वर्धा रोडवर बोनेट उघडून पंपाला पाण्याच्या पट्ट्या ठेवणारा माणूस बघून लोक हसायचे. पण फडका म्हणजे इलाज नव्हे. पंप आणि हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारं फायबरचं जाड पॅकिंग असतं. आमच्या गाडीत कुणीतरी कधीतरी पंप बदलताना ते काढून नुसतं कागदी पॅकिंग लावलं होतं. फायबरचं परत बसवलं, पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब बांधली. पुढचा मे शांततेत गेला.

आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांनी रबरी नळ्या एकदा बोटांनी दाबून बघाव्यात. कडक, भेगाळलेल्या किंवा फुगलेल्या असतील तर बदला, फार खर्च नाही. बारीक भेगेतून पंप हवाही ओढतो आणि मग लक्षणं अशीच दिसतात.

पुणे, एमपीएफआय हॅचबॅक

माझी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी. ती आचके देत नव्हती. ताशी साठने जाताना एकदम शांतता. काट्याकडे लक्ष गेलं तर गाडी अजून पळतेय, गिअरमध्ये आहे, चाकं इंजिन फिरवतायत, आणि आरपीएमचा काटा शून्यावर! ही खूण लक्षात ठेवा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, म्हणजे इंजिन फिरतंय हेच ईसीएमला, गाडीच्या कॉम्प्युटरला, कळत नाहीये. त्याला ते सांगतो क्रँक सेन्सर. तो गप्प झाला की ईसीएम स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही नाही.

स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, कारण गार झाल्यावर सेन्सर बरा. एका गॅरेजने पंप बदलायला सांगितला, दुसऱ्याने ईसीएम. तिसरा मेकॅनिक वयस्कर, फार न बोलणारा. "उद्या सकाळी गाडी गार असताना आणा आणि घरातला हेअर ड्रायर आणा," म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. त्याने इंजिन सुरू ठेवलं, खाली वाकून सेन्सरवर ड्रायरचा गरम झोत धरला. काही मिनिटांत इंजिन बंद. ओला कपडा लावून गार केला, सुरू. परत ड्रायर, परत बंद. बायकोने ड्रायर परत घेतला नाही, तो भाग वेगळा.

कुडाळ, ओम्नी

पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावर, त्यातही संध्याकाळनंतर. आधी मिसिंग, तीन सिलिंडरपैकी एक गेल्यासारखी थरथर, मग बंद. ऊन पडलं की गाडीला काही झालंच नव्हतं. सगळे म्हणायचे पेट्रोलात पाणी आहे. टाकी उतरवून धुतली तरी तेच.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, हे ज्यांनी चालवलीय त्यांना माहीत आहे. कणकवलीत भावाच्या अंगणात रात्री गाडी सुरू ठेवून सीट उचलली, हातातला टॉर्च विझवला आणि डोळे अंधाराला सरावू दिले. प्लगला करंट नेणाऱ्या हाय टेन्शन वायरींवरून निळ्या बारीक ठिणग्या सरपटत होत्या, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपपाशी तर तडतड आवाजही येत होता. झाडांना फवारतात त्या बाटलीने थोडं पाणी उडवल्याबरोबर इंजिन थरथरायला लागलं. कॅपला केसासारखा तडा होता, आतून काळी रेघ उमटलेली. कॅप, रोटर आणि वायरी नव्या घेतल्या. हे करताना आत हात घालू नका, झटका जबर असतो.

कराड, डिझेल जीप

डिझेलवाल्यांनी ठिणगीचे प्लग आणि त्यांना करंट देणारी कॉईल सोडा, आपलं दुखणं एकच : एअर धरणे, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणे. पण कुठून धरते ते सापडायला जन्म जातो. आमची शेतावर ने-आण करणारी गाडी. टाकी भरलेली असली की कुठेही न्या. निम्म्याच्या खाली काटा गेला आणि चढ लागला की बंद. मग हँड पंप मारून मारून एअर काढायची, हात डिझेलने बरबटायचे, सुरू झाली की पुढच्या चढाला पुन्हा तेच.

फिल्टर बदलला, तांब्याचे वॉशर बदलले. आमच्या मिस्त्रीने शेवटी फिल्टरच्या आधीची काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा लावला. टाकी अर्धी असताना बुडबुड्यांची रांग दिसायला लागली. टाकीजवळच्या नळीला लावून बघितलं तर तिथेही बुडबुडे. म्हणजे हवा थेट टाकीतनंच येतेय! टाकीच्या आत डिझेल ओढणारी उभी नळी असते, ती मधोमध गंजून चिरली होती. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत काही नाही. खाली गेलं की डिझेलऐवजी हवा.

मुंबई, प्रीमियर पद्मिनी

वडिलांची टॅक्सी. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमच्या गेल्या, आमची त्याच्या बरीच आधी. डॅशबोर्डच्या खणात एक कंडेन्सर, करंट जोडणारे-तोडणारे पॉईंट घासायची पातळ कानस आणि एक जुनी पण चालू कॉईल कायम असायची. तापल्यावर बंद पडली की वडील आधी ठरवायचे, पेट्रोल नाही की करंट नाही. पेट्रोलला ओला फडका, करंटला कॉईल बदलून बघ. कॉईलला हात लावून चटका बसला की निम्मा निकाल तिथेच. त्या गाडीचं सगळं डोळ्याला दिसायचं, एवढं खरं.

नाशिक, वीस वर्षांची सेडान

माझी स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यांत बंद पडायची. इंजिनबरोबर रेडिओ, डॅशबोर्डचे दिवे, सगळं क्षणभर जायचं. फक्त इंजिन जातं की सगळंच जातं, हे बघणं महत्त्वाचं. सगळंच जात असेल तर पेट्रोलच्या वाटेला जाऊच नका. बॅटरीचे टर्मिनल हलवून बघितले, घट्ट होते. मग किल्लीचा जुडगा हाताने हलवला आणि गाडी बंद! घराच्या, दुकानाच्या, दोन कपाटांच्या किल्ल्या आणि एक पितळी गणपती, एवढं वजन वर्षानुवर्षं इग्निशन स्विचला लोंबकळत होतं. आतले कॉन्टॅक्ट झिजले होते. स्विच बदलला, गणपती देवघरात गेला.

न्यू जर्सी, नव्वदच्या दशकातली जपानी गाडी

उन्हात पार्क केली की सुरू व्हायला कुरकुर, क्वचित चालतानाही बंद. काचा खाली करून थोडं थांबलं की ठीक. इकडे गॅरेजचे तासाचे दर ऐकूनच आधी स्वतः शोधायची सवय लागते. डॅशबोर्डखालचा पेट्रोल पंपाचा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) उघडला, भिंगाखाली पाहिलं तर एका टोकाभोवतीच्या डागाला, म्हणजे सोल्डरला, गोल बारीक भेग. नव्याने डाग दिला.

कोल्हापूर, गॅरेजकडून

इथं सगळ्यांनी मेकॅनिकला नावं ठेवलीत म्हणून लिहितोय. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "कधीबी बंद पडतीय." कधीबी म्हणजे कधी? आम्ही विचारलं की वैतागतं. आणि गाडी बंदच पडली नाही तर आम्ही तपासायचं काय?

इंजेक्शनच्या गाडीला मी एक करतो. बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्यायचा, एक टोक पेट्रोल पंपाच्या सप्लाय वायरला, दुसरं बॉडीला अर्थ. वायर आत आणून बल्ब चालवणाऱ्याला दिसेल असा टेपनं चिकटवायचा आणि गाडी गिऱ्हाइकालाच द्यायची, जा चालवत. बंद पडायला लागली की तेव्हाच बल्बकडं बघायचं, कारण चालतं इंजिन थांबलं की ईसीएम पंप लगेच बंद करतो. आचके बसायला लागले तेव्हाच बल्ब गेलेला असेल, तर पंपाचा रिले, वायर, फ्यूज. आचके बसतायत आणि बल्ब चालूच, तर पंप किंवा फिल्टर किंवा करंट. आरपीएमचा काटा इंजिन थांबायच्या आधीच शून्य झाला आणि बल्ब त्याच्या मागून गेला, तर पुण्याच्या साहेबांसारखं सेन्सरकडं जायचं. त्या आधी इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. हिरवं बुरशीसारखं धरलेलं असतं. त्याचे मी पैसे पण घेत नाही.

आणि सिएनजीवाल्यांनो, टाकीत कायम काट्याच्या तळाशी पेट्रोल ठेवून पंप जाळू नका. पंप पेट्रोलात बुडूनच गार राहतो.

मडगाव, २००५ ची हॅचबॅक

माझी केस अजून सुटलेली नाही. कोल्हापूरच्या दादांचं वाचून रविवारी बल्ब लावला. काल चोर्ला घाट चढताना आचके सुरू झाले आणि गाडी बंद पडली. आचके बसत होते तोवर बल्ब चालू होता, काटाही गाडीबरोबरच हळूहळू खाली आला. म्हणजे पंपाला वीज पोचतेय आणि क्रँक सेन्सरही बोलतोय. बुधवारी पेट्रोलचं प्रेशर गेज लावून तोच घाट चढणार आहे. आकडा इथे टाकतो.